तीन नंबरचं मशीन

मामाच्या कॅफेत सहा मशीनं होती
आणि यूपीएस पाच.
तीन नंबरची बॅटरी मेलेली,
म्हणून तिथं अर्धा दर, तासाला पाच रुपये,
लाईट गेली तर तुझं नशीब.

काउंटरवर मी. रजिस्टर माझ्याकडं.
कोण बसलं, कधी उठलं,
आणि लाल पेनानं: लाईट गेली ४.१७, आली ६.४०.
वीज परळीत तयार व्हायची
आणि परळीतच नसायची,
हा विनोद सांगून सांगून गुळगुळीत झालेला.
थर्मलच्या चिमण्या दिसायच्या कुठूनही,
दोरीवरचे कपडे झटकूनच घरात घ्यायचे.

म्हणून मुस्तकीम जेव्हा म्हणाला,
गेममधलं सगळ्यात दुर्मिळ चिलखत राखेचं आहे,
हजार राक्षस मारले तर एखाद्याच्या पोटातून निघतं,
मी म्हणलं, आमच्या गच्चीवर ये, परातभर देते.

तो हसला नाही.
एकवीस दिवस राक्षस मारत होता.
शिलाईच्या दुकानातून सुटला की थेट इथं,
बोटाला दोरा गुंडाळलेला तसाच.
बाविसाव्या दिवशी निघालं.
तेविसाव्या दिवशी बालाजीला दाखवायला
त्यानं ते जमिनीवर ठेवलं, सेव्ह दाबलं,
आणि लाईट गेली.
सहा चाळीसला बघतो तर
एक जमिनीवर, एक थैलीत.

पोरं म्हणाली, चमत्कार.
मी रजिस्टर उघडलं.

गेम आधी जमीन लिहितो, मग थैली.
हे मला कुणी शिकवलं नव्हतं.
मीही तशीच लिहायचे, आधी वेळ, मग पैसे,
आणि मधेच कुणी हाक मारली
की संध्याकाळी हिशेब जुळायचा नाही.

त्या फटीत लाईट जायला पाहिजे.
घड्याळाचा काय भरवसा,
सबस्टेशनचे सव्वाचार कधी ४.१७, कधी ४.२२.
पण भिंतीपलीकडं फडांची गिरणी.
लाईट जायच्या आधी दोन श्वास
तिच्या पट्ट्याचा आवाज बसायचा,
दळण अचानक जड झाल्यासारखा.
मी कान भिंतीला लावायचे, हात वर,
सगळी कॅफे चिडीचूप,
"टाक!"

महिन्याभरात अकरा चिलखतं.
बालाजीला एक, लोखंडे सरांच्या पोराला एक उसनं,
एक तर मिरचीभज्यांवर गेलं.
एका वायरीनं जोडलेल्या सहाही मशीनवर
राखाडी पोरं राखाडी पोरांना ओळखंनात.
मुस्तकीम एकदा हळूच म्हणाला,
"वैजूताई, आता घालूच वाटंना."
अकरातलं ते एकवीस दिवसांचं कोणतं,
त्यालाही सांगता येईना.

एका मंगळवारी मामा अंबाजोगाईला गेलेला.
पोरं अजून यायची होती.
मी तीन नंबरवर बसले.
नवी बाई केली, नाव वैजयंता, पूर्ण लिहिलं.
नव्या माणसाला गेम देतो ते
एक घोंगडं, दोन भाकरी, एक कंदील.
दुर्मिळ असं काहीच नाही.
कंदील जमिनीवर ठेवला.
एक इथं राहावा,
एक माझ्यासंगं यावा.
कुठं, ते ठरलं नव्हतं.

४.१७. ४.२२. साडेचार.
पट्टा एकसुरी. पलीकडं ज्वारी बारीक होत राहिली.
बोट सेव्हवर, कान भिंतीला,
माझ्यासाठी "टाक" म्हणायला कुणी नाही.
तेवढ्यात गिरणीवाल्या काकू कुणाला तरी ओरडून म्हणाल्या,
आज जाणार नाही गं लाईट,
थर्मलला मंत्री आलाय!

मग मी सेव्ह दाबलं.
नीट झालं सगळं, आधी जमीन, मग थैली.
कंदील तिथंच, रस्त्याच्या कडेला, पेटलेला.
थैलीत घोंगडं आणि भाकरी.

रजिस्टरमध्ये लिहिलं:
तीन नंबर. वैजयंता. ४.०५ ते ४.४०. तीन रुपये.
गल्ल्यात तीन रुपये टाकले.
लाल पेनाचा रकाना
त्या दिवशी कोराच राहिला.